गोष्ट नसलेला बॅले: हाराल्ड लँडरचा ‘एत्यूद’

बॅलेत बहुधा कोणाचा तरी हंस होतो, कोणी प्रेमात वेडी होते, कोणी शंभर वर्षं झोपून राहते. हाराल्ड लँडरच्या ‘एत्यूद’मध्ये यातलं काहीच घडत नाही. १५ जानेवारी १९४८ रोजी कोपनहेगनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. रॉयल डॅनिश बॅलेच्या नर्तकांनी त्या दिवशी प्रेक्षकांसमोर काय मांडलं, तर आपला रोजचा वर्ग! दांडा धरून केलेल्या पहिल्या व्यायामापासून हवेतल्या झेपांपर्यंत सगळं क्रमाने, पाऊण तासाच्या आसपास.

शाळेत असताना चित्रफितीवर हा बॅले पाहिला, तेव्हा मी शेवटाकडे डोळे लावून बसले होते. दहावीच्या वर्षी माझा बॅलेचा वर्ग सुटला, तो सुटलाच. चाळिशी उलटल्यावर मोठ्यांच्या वर्गात पुन्हा जाऊ लागले आणि मग ‘एत्यूद’ पाहिला, तर सुरुवातीचाच भाग संपू नये असं वाटत राहिलं. माझी अभिरुची सुधारली असा दावा नाही. माझ्या गुडघ्यांनी मत बदललं, एवढंच.

पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर एकटी नर्तकी असते. ती प्लिए करते, म्हणजे पावलं बाहेर वळवून, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत वाकते आणि पुन्हा उभी राहते. नव्या मुलीला पहिल्या दिवशी हेच शिकवतात आणि नामांकित नर्तकीचा दिवसही यानेच सुरू होतो. बॅलेतली प्रत्येक उडी प्लिएमधून निघते आणि प्लिएमध्येच उतरते. लँडर ही क्रिया घाईने उरकत नाही. मोठ्या सभागृहात, भर प्रकाशात, एक बाई फक्त वाकते आणि उठते, तेवढं पाहायला तो आपल्याला लावतो.

मग दांड्यांपाशी ओळी लागतात. इथली प्रकाशयोजना विलक्षण आहे. उजेड पायांवर पडतो, चेहरे आणि धड अंधारात राहतात. अंधारात नुसते पाय सरकतात, जमिनीला घासत पुढे जातात, घोट्यापाशी परततात. कोण तरुण, कोण देखणी, कोण पहिल्या ओळीतली, हे कळायला मार्गच नाही. दिसते ती फक्त क्रिया. पाय किती उंच गेला यापेक्षा तो परत कसा आला, पंजा जमिनीवर कसा टेकला, याकडे नजर जाते. वर्गात परतलेल्या प्रौढ माणसाला हेच परत येणं सगळ्यात जड जातं. व्यायामांचा क्रम शरीराला आश्चर्य वाटावं इतका आठवतो. मांडीतली ताकद मात्र आठवणीने येत नाही. पाय बाहेर वळवायचा तो खुब्यातून. खुबा वळेनासा झाला की आपण गुडघ्याकडून उसनवारी करतो, आणि गुडघा ती वसूल करतो. दांड्यावर हात अलगद ठेवायचा असतो. आमच्या वर्गात बहुतेकांची मूठ आवळलेली असते, बसमधल्या दांड्यावर असावी तशी.

संगीत कार्ल चेर्नीचं. बेथोव्हेनचा हा शिष्य आणि फ्रांझ लिस्टचा गुरू. पियानो शिकणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांना त्याने बोटांच्या व्यायामांनी जेरीस आणलं आहे. क्नुडोगे रीसागरने ते धडे वाद्यवृंदासाठी बांधले. कल्पनेतला खट्याळपणा पाहा: पायांच्या सरावाला बोटांचा सराव! पण रीसागर त्याची नुसती गंमत करून थांबत नाही. एकच आकृती पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी वेगळ्या रंगात येते आणि व्यायाम चपळ होत जातात तसा वाद्यवृंदही हलका, टोकदार होतो.

दांडे सुटतात आणि नर्तक मध्यभागी येतात. वर्गातही ही घडी कसोटीची असते, कारण तोल आता स्वतःचाच. लँडर इथे मध्येच लांब पांढऱ्या झग्यातल्या परीचा एक हळवा प्रवेश घालतो. डेन्मार्कच्या प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटणारच. ऑगस्ट बूर्नोनव्हिलने ‘ला सिल्फीद’ १८३६मध्ये कोपनहेगनलाच केला होता आणि लँडर त्याच परंपरेत वाढलेला. प्रवेश सुंदर आहे. तरी मला तो किंचित उपरा वाटतो, वर्ग चालू असताना कोणीतरी मध्येच जुना फोटो दाखवावा तसा.

आणि मग आतषबाजी. गिरक्या, एका पायावरच्या फुएते, तिरक्या रेषेत एकामागून एक झेपावणारे नर्तक. वेग इतका वाढतो की रंगमंच अपुरा पडेल असं वाटतं. कवायत म्हणून हे बिनतोड आहे. पण या भागात ‘एत्यूद’ आपलीच मूळ गोष्ट विसरतो. वर्ग रोज इतक्या शिखरावर संपत नाही. बहुतेक दिवशी तो थकव्यात, अर्धवट जमलेल्या गिरकीत आणि शिक्षकांना केलेल्या नमस्कारात संपतो. इथे पायऱ्या फक्त वर जातात. रोज खालच्या पायरीवर परत यायचं असतं, हे सुरुवातीच्या प्लिएने सांगितलेलं शेवटी कोणाच्या लक्षात राहत नाही.

तरी या बॅलेचं आयुष्य मोठं ठरलं. लँडरने १९५२मध्ये पॅरिस ऑपेरासाठी त्यात फेरफार करून तो पुन्हा बसवला आणि पुढे लंडन, न्यू यॉर्कच्या संघांनी तो घेतला. नर्तकसंघाची ताकद किती, हे दाखवायला ‘एत्यूद’ काढतात. चेहऱ्यावरच्या हावभावांमागे लपायला इथे जागा नाही, कच्चं काम पहिल्या ओळीतच उघडं पडतं.

लहानपणी बॅले, कथक, भरतनाट्यम, काहीही शिकून सोडलं असेल तर हा बॅले जरूर पाहा. शेवटच्या झेपांना मिळणाऱ्या टाळ्या रास्तच आहेत, पण लँडरची खरी प्रतिभा दांड्याजवळच्या त्या अंधारात आहे.