लिलाव, लॅपटॉप आणि पाठकोरा कागद

न्यू जर्सीतल्या भाच्याने मला एकदा बेसबॉलच्या लिलावाला नेले. घाबरू नका; खेळाडू खरे, संघ लुटुपुटूचे, हारजीत मोसमातल्या खऱ्या आकड्यांवर! १९८० साली डॅनियल ओक्रंट आणि त्याच्या मित्रांनी हे वेड न्यूयॉर्कात रुजवले. जेवायला जमत त्या हॉटेलावरून त्याला 'रोटिसरी' नाव पडले. रूढ नियम असा, की २६० डॉलरांत २३ खेळाडू घ्यायचे. तेव्हा सारा हिशेब वर्तमानपत्र आणि पेन्सिलीवर चाले.

आता प्रत्येकापुढे लॅपटॉप. मी मात्र सवयीने पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडत बसलो.

यंत्राची बाजू आधी सांगतो. ९ डॉलर उरलेत, जागा ४ भरायच्यात. पुढच्या तीन जागांसाठी एकेक राखायचा, म्हणजे बोली ६च्या वर नेता येत नाही. लॅपटॉपने हे क्षणात सांगितले. माझ्या कागदावर ८ आले होते! मामाने मान खाली घातली.

पण मंडळी तर पडद्यातून मान वर काढीनात. यंत्र म्हणे, "अठरा." समोरच्याचा घसा सतरालाच कोरडा पडला, हे कुठल्या रकान्यात लिहायचे?

"अरे, त्याच्याकडे बघ," मी कुजबुजलो.

"थांबा मामा, फाइल उघडतेय."

फाइल उघडेतो खेळाडू सतराला गेला.

बेरीज-वजाबाकी यंत्रानेच करावी. पण लिलाव माणसांचा असतो. भिशीत बसलेल्या कुठल्याही मावशींना विचारा.