'माया मेमसाब' : सोमलावांचून मरण

एखादी थोर कादंबरी पडद्यावर आली कीं, तिच्यांतील काय काय गळालें याची यादी करणें सोपें असतें. आम्ही ती करणार नाहीं. मोठा ग्रंथ दोनतीन तासांत बसवावयाचा म्हणजे कांहीं गाळणें ओघानेंच आलें. प्रश्न असा कीं, जें ठेविलें त्यांत ग्रंथाचा प्राण राहिला काय? श्री. केतन मेहता यांचा १९९३ सालचा 'माया मेमसाब' हा हिंदी चित्रपट आम्ही अलिबागेस एका स्नेह्याच्या घरीं नुकताच पुन्हां पाहिला. आमचें उत्तर नकारार्थी आहे, व तें आम्ही खेदानें देत आहों.

गुस्ताव्ह फ्लोबेर यांची 'मादाम बोव्हारी' १८५६ सालीं पॅरिसच्या एका नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. नीतिभंगाच्या आरोपावरून लेखकावर खटला झाला. १८५७ च्या फेब्रुवारींत ते निर्दोष सुटले. ग्रंथांतील एम्मा ही शेतकऱ्याची मुलगी. मठांत शिकत असतां प्रणयकथा वाचून तिचें मन भरकटतें आणि खेड्यांतील साध्याभोळ्या डॉक्टराचा संसार तिला असह्य होतो. पॅरिसचा नकाशा विकत आणून ती त्यांतील रस्त्यांवरून बोट फिरवीत बसते. मांडव्याच्या किनाऱ्यावरून रात्रीं मुंबईचे दिवे पाहणाऱ्या आमच्या इकडील वाचकांस तें बोट ओळखीचें वाटेल. पोफळीच्या वाडींत राहून पलीकडचें शहर मनांत केवढें होतें, हें त्यांस सांगावयास नको.

चित्रपटांतील माया मात्र आरंभापासूनच पडक्या पण भव्य वाड्यांत वावरते. ज्या सामान्यपणाचा नायिकेस वीट येतो, तो प्रेक्षकास दिसावयास हवा. येथें दिसतें तें बहुतेक नेत्रसुखद! श्रीमती दीपा साही यांनीं भूमिका जीव ओतून केली आहे. फारुख शेख यांचा निष्कपट डॉक्टर पाहून मन द्रवतें. पंडित हृदयनाथ मंगेशकर यांचें संगीत तर स्वतंत्रपणें ऐकण्याजोगें आहे. म्हणूनच शेवट अधिक खटकतो.

कादंबरींतील एम्मा कर्जानें घेरली जाऊन औषधविक्याकडील सोमल खाते. तिच्या तोंडांत उरते ती शाईसारखी किळसवाणी चव. तें मरण फ्लोबेर यांनीं निष्ठुरपणें वर्णिलें आहे, आणि तेवढ्यावर ते थांबत नाहींत. नवरा खचून मरतो, लहान मुलगी सुताच्या गिरणींत मजुरीस जाते, व गांवांतील त्या बढाईखोर औषधविक्यास सरकारी सन्मानपदक मिळतें. चित्रपटांतील माया एक जादूचें पेय पिते व प्रकाशांत विरून जाते!

कोणी म्हणेल, हें काव्य आहे. आम्हांस ती पळवाट वाटते. कादंबऱ्यांतील आयुष्य खरें असतें असें मानणें, हीच एम्माची चूक. फ्लोबेर यांनीं तो भ्रम सोमलानें उतरविला. दिग्दर्शकांनीं तो खरा करून दाखविला. जी चूक नायिकेची, तीच तिची कथा सांगणाऱ्याची झाली.

घरांतील तरुण मंडळींनीं हा चित्रपट पाहूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. पाहावा, परंतु मूळ ग्रंथ अवश्य वाचावा. गाणीं कानांत राहतील. पण मनांत घर करील ती गिरणींत गेलेली पोर.