सागरपरिक्रमा आणि तिचे वर्णन

हैदराबादेस समुद्र नाही. हुसेनसागर आहे, आणि त्यावर शिडाच्या लहान नौकांच्या शर्यती होतात. तरीही 10 सप्टेंबर 2017 ते 21 मे 2018 या काळात ‘तारिणी’ नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नौदलातील सहा स्त्री-अधिकाऱ्यांपैकी ऐश्वर्या बोड्डपाटी या ह्याच नगरीच्या. नौकेस नाव ओडिशातील तारा-तारिणी देवस्थानावरून मिळालेले. अशा पराक्रमावर देवळाच्या सभामंडपात जी भाषणे होतात, ती वाचकांच्या परिचयाची आहेत. वक्ते तिला साक्षात दुर्गा म्हणतात, सागर जिंकला असे सांगतात, आणि नौका चालते कशी हे कोणी विचारीत नाही. या स्तुतीविषयी आमची तक्रार आहे. जिला देवी ठरविले तिला काही शिकावे लागले होते, हे समोर बसलेल्या मुलींस मग कळतच नाही.

कमांडर दिलीप दोंदे यांचा ‘द फर्स्ट इंडियन’ हा इंग्रजी ग्रंथ आम्ही वाचला तो या अतृप्तीतून. 19 ऑगस्ट 2009 रोजी ‘म्हादेई’ नौकेतून ते मुंबईहून एकटेच निघाले आणि चार बंदरांत थांबून 19 मे 2010 रोजी परतले. पुढे या सहा जणींना शिकविणारेही तेच. ग्रंथात प्रस्थानापूर्वीच्या तयारीस भरपूर जागा दिली आहे, आणि आमच्या मते तेच त्याचे बळ होय. ‘म्हादेई’ व ‘तारिणी’ या दोन्ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधल्या. (कदंबांच्या सप्तकोटेश्वराचे देवालय उद्ध्वस्त झाले ते याच बेटावर.) एवढी मोठी शिडाची नौका दांडेकरांनी पूर्वी कधी बांधली नव्हती आणि दोंदे यांनी एकट्याने कधी हाकारली नव्हती. दोघांचे हे अज्ञान लेखक लपवीत नाही. त्यावर विनोद करतो.

‘तारिणी’स न्यूझीलंडच्या लिटलटनहून फॉकलंडच्या पोर्ट स्टॅनलीस पोहोचण्यास 41 दिवस लागले. वृत्तपत्रांनी छापले ते केप हॉर्न, म्हणजे त्यांतील एक दिवस. उरलेल्या चाळीस दिवसांत पाळीपाळीने सुकाणू धरणे, वारा वाढण्यापूर्वीच शीड लहान करणे, घासलेला दोर वेळीच ओळखणे आणि मिळेल तेवढी तुटक झोप घेणे, हीच सफर असते. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि नौकेला मॉरिशसला वळावे लागले, हे सत्कारांतून कोण सांगतो?

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. एकांताविषयी दोंदे फार संकोचाने लिहितात. मनुष्य महिना महिना कोणाशी समोरासमोर बोलत नाही, तेव्हा त्याचे मन कसे वागते हे आम्हांस अधिक हवे होते. शीर्षकही आम्हांस रुचले नाही. ‘पहिला’ हा शब्द सत्काराच्या व्यासपीठावरचा आहे, आतील मजकूर त्याहून पुष्कळ चांगला आहे.

ऐश्वर्या बोड्डपाटी यांनी आपल्या पाळ्यांची हकीकत तेलुगूत लिहिली, तर या नगरीतील मराठी वाचकांस ती वाचण्यास कोणतीच अडचण पडणार नाही.