ईयोबाचे मित्र आणि फाळणीचे लेखक

ईयोबाच्या ग्रंथातील एक प्रसंग आपण प्रवचनात सहसा घाईने ओलांडतो. ईयोबाच्या दुःखाची वार्ता ऐकून त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहतात. पुढे ते बोलू लागतात, दुःखाचा अर्थ सांगू लागतात, आणि तेथेच त्यांचे चुकते. ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर त्यांच्यावरच कोपतो. राष्ट्रीय आपत्तीविषयी लिहिणाऱ्या साहित्यिकांना वाचताना मला हे मित्र हटकून आठवतात. कोण किती काळ गप्प राहिला, आणि बोलला तेव्हा काय बोलला, यावरून लेखकाची पारख पुष्कळशी होते.

1947 च्या फाळणीत काही लाख माणसे मारली गेली, एक कोटीहून अधिक बेघर झाली. सआदत हसन मंटो यांनी मुंबईची चित्रपटसृष्टी सोडून 1948 च्या आरंभी लाहोर गाठले आणि त्याच वर्षी ‘सियाह हाशिये’ हा संग्रह काढला. यातील काही कथा दोन-तीन ओळींत संपतात. मारणारा कोण आणि मरणारा कोण, हे पुष्कळदा कळतच नाही, कारण मंटोंनी धर्माची पाटी मुद्दामच काढून घेतली आहे. पुरोगामी लेखकांपैकी काहींना हे लेखन निर्दय, प्रेतांच्या खिशांत हात घालणारे वाटले. मला तसे वाटत नाही. मंटो अर्थ सांगत नाहीत, सांत्वनही करीत नाहीत. ते फक्त पाहिलेले समोर ठेवतात आणि बाजूला होतात. ‘टोबा टेक सिंह’ या कथेत दोन्ही देश वेड्यांच्या इस्पितळांतील वेड्यांचीही वाटणी करतात, तेव्हा शहाणपण कोणत्या बाजूला उरले आहे हे वाचकानेच ठरवायचे असते. (याच कथेत युरोपियन वॉर्डातील दोन अँग्लो-इंडियन वेडे आहेत. त्यांची चिंता एवढीच, की यापुढे न्याहारीला पाव मिळेल की चपाती. आपण ख्रिस्ती वाचकांनी या विनोदावर हसावे, पण थोडे जपून.)

अमृता प्रीतम यांचा मार्ग अगदी वेगळा. लाहोरहून निर्वासित होऊन आलेल्या या तरुण कवयित्रीने डेहराडून-दिल्ली या रेल्वे प्रवासात जी कविता लिहिली, ती अठराव्या शतकातील कवी वारिस शाह याला उद्देशून आहे. हीर या एका मुलीची व्यथा गाणाऱ्या त्या कवीला तिने असंख्य मुलींच्या व्यथेसाठी हाक मारली. ही कविता गुरू नानकांना उद्देशून का नाही, असा आक्षेप काही शिखांनी घेतला; लेनिनला का नाही, असे साम्यवाद्यांनी विचारले. हे आक्षेप वाचून हसू येते, पण प्रत्येकाला आपल्याच घरचा सांत्वनकर्ता हवा होता, हे त्यांतून दिसते. अमृताजींनी मात्र दोन्ही समाजांचा असलेला कवी निवडला. आपल्या बायबलमधील विलापगीत याच जातीचे. त्याची पहिली चार काव्ये हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने बांधलेली आहेत; यरुशलेम उद्ध्वस्त झाले तरी कवीने अक्षरांची शिस्त मोडली नाही. विलाप म्हणजे नुसता हंबरडा नव्हे. पुढे ‘पिंजर’ (1950) या कादंबरीत अमृताजी विलापाच्याही पलीकडे गेल्या. पळवून नेलेली पूरो निसटून घरी येते, तेव्हा तिचे आईवडीलच तिला दाराबाहेर ठेवतात. येथे दोषाचे बोट शेजाऱ्याकडून स्वतःच्या घराकडे वळते.

आणि भीष्म साहनी. 1947 च्या मार्चमध्ये रावळपिंडी पेटली तेव्हा ते तेथेच होते आणि काँग्रेसच्या मदतकार्यात होते. तरीही ‘तमस’ प्रसिद्ध झाली ती 1974 साली. मधली पंचवीस-सव्वीस वर्षे हा अनुभव त्यांच्याजवळ मुकाट बसून होता. त्याला वाचा फुटली ती आपल्या शेजारच्या भिवंडीमुळे. 1970 च्या दंगलीनंतर ते बंधू बलराज साहनी यांच्यासह भिवंडीला गेले, आणि तेथील ओसाड गल्ल्यांत त्यांना रावळपिंडी पुन्हा दिसली. फाळणीची ही थोर कादंबरी अशी आपल्या ठाणे जिल्ह्याच्या मातीवरून उगवली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असावे.

‘तमस’चा आरंभ नत्थू या चामडे कमावणाऱ्या गरिबाच्या एका कामाने होतो. पैशांसाठी आणि मुराद अलीच्या शब्दाखातर तो रात्रभर झगडून एक डुक्कर मारतो. ते कशासाठी हवे, हे त्याला ठाऊक नाही. सकाळी ते मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते. अखेरीस शांततेच्या घोषणा देत गावभर मोटार फिरते आणि तिच्यात पुढे मुराद अलीच बसलेला असतो. मंटोंना असे सूत्रधार दाखवावेसे वाटले नाहीत. साहनी दाखवतात, आणि ते त्यांना पेलते, कारण त्यांचे खरे लक्ष नत्थूच्या अस्वस्थतेवर आहे. इंग्रज अधिकारी रिचर्डचे चित्रण मात्र मला सोयीचे वाटते. सत्ताधाऱ्यावर पुष्कळसा दोष घातला, की आपला वाटा हलका होतो. गोविंद निहलानींचा ‘तमस’ 1988 साली दूरदर्शनवर आला तेव्हा तो थांबवावा म्हणून लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही ती मागणी फेटाळली.

1992-93 च्या मुंबईतील दंगलींच्या वेळी मी सेमिनरीत होतो. आमच्या हस्तलिखित मासिकासाठी मी आठवड्याभरातच एक कविता लिहिली. तिच्यात क्रूस होता, रक्त होते, क्षमाही होती, आणि ज्यांचे घर जळले असे एकही माणूस नव्हते. तिचे कौतुक झाले. निर्वासितांच्या छावणीत भांडी घासून परतलेला माझा एक सहाध्यायी ती वाचून काहीच बोलला नाही. त्याचे गप्प बसणे मला तेव्हा हेव्याचे वाटले होते.

मराठीत असे थांबून लिहिलेले एक पुस्तक माझ्या नजरेसमोर आहे, व्यंकटेश माडगूळकरांचे ‘वावटळ’. गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरे जाळली गेली, ती आग या लहानशा कादंबरीत आहे. माडगूळकर त्याच समाजातले. तरी 1948 ची ही हकिगत कादंबरी होऊन आली 1964 साली, आणि तिच्यात जाळणारेही गावचीच, ओळखीची माणसे राहिली आहेत.