मालेमेची रात्र आणि इतिहासकाराचा न्याय

युद्धविषयक ग्रंथ आपल्याकडे बहुधा दोन हेतूंनी वाचले जातात. शौर्यकथांनी अंगावर रोमांच उभे राहावेत हा एक. पराभवाचे खापर कोणाच्या तरी माथी फोडता यावे हा दुसरा. या दोन्ही अपेक्षांची निराशा करणारा, आणि म्हणूनच वाचनीय, असा ग्रंथ म्हणजे डॅन डेव्हिन यांचा 'क्रीट'. दुसऱ्या महायुद्धाच्या न्यूझीलंडच्या अधिकृत इतिहासमालेत तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथकार मुळात कथा-कादंबरीकार. शिवाय या लढाईत स्वतः जखमी झालेला सैनिक. अशा लेखकाकडून आवेशाची अपेक्षा करावी, तो हाती पडतो संयम.

विषय थोडक्यात असा. २० मे १९४१ रोजी जर्मनांनी क्रीट बेटावर आकाशातून सैन्य उतरविले. हवाई छत्रीने उतरणारा सैनिक दिसतो भयंकर, परंतु पहिले काही तास तो दुबळा असतो. त्याच्याजवळ दारूगोळा थोडा, तोफा जवळजवळ नाहीत, सोबती चहूंकडे पांगलेले. धावपट्टी हाती आली तरच विमानांतून ताजी पलटण व जड शस्त्रे येणार. नाही तर त्याचा विनाश ठरलेला. रेथिम्नो व हेराक्लियोन येथे असेच झाले. तेथील विमानतळ बचाव करणाऱ्यांनी जाऊ दिले नाहीत. पश्चिमेकडील मालेमे मात्र गेले, आणि त्याबरोबर सारे बेट गेले.

मालेमेच्या धावपट्टीवर १०७ क्रमांकाच्या टेकडीची नजर होती. तेथे लेफ्टनंट कर्नल लेस्ली अँड्र्यू हे न्यूझीलंडची बाविसावी पलटण घेऊन होते. पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेला हा पुरुष. भ्याडपणाचा संशय येथे संभवतच नाही. पण दिवसभरात पुढच्या तुकड्यांशी त्यांचा संपर्क तुटला. दोन रणगाड्यांच्या बळावर केलेला प्रतिहल्ला फसला. शेजारच्या पलटणीची मदत आली नाही. पुढच्या तुकड्या नष्ट झाल्या असे समजून रात्री त्यांनी टेकडी सोडली. वास्तविक त्या तुकड्या अद्याप आपल्या जागी होत्या! दुसऱ्या दिवशी सायंकाळी तोफांचा मारा सोशीत जर्मन विमाने पहाडी पलटण घेऊन धावपट्टीवर उतरू लागली. त्या रात्री केलेला प्रतिहल्ला उशिरा निघाला आणि उजाडताच थबकला.

एवढ्या कथेवरून 'अँड्र्यू चुकले' असा निकाल कोणीही देईल. डेव्हिन यांची थोरवी ही की, ते वाचकास प्रथम त्या अंधारात उभे करतात. सेनापतीला त्या घटकेस काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे ते तुकडीगणिक मांडतात. शत्रूच्या कागदपत्रांचाही आधार घेतात. पुढे काय झाले हे माहीत असलेल्याने मागच्या माणसास शहाणपण शिकविणे सोपे असते. तो मोह त्यांनी आवरला आहे.

परंतु समजून घेणे म्हणजे दोषमुक्त करणे नव्हे. आमच्या मते या ग्रंथातील पुराव्याचा खरा रोख टेकडीकडे नसून टेकडीच्या मागे आहे. ब्रिगेडियर हार्गेस्ट यांचे ठाणे कित्येक मैल मागे होते. हाताशी पलटणी असता त्यांनी त्या रात्री नेटाचा प्रतिहल्ला केला नाही. विमानतळ राखणे म्हणजे त्याच्या भोवती माणसे उभी करणे नव्हे. तो गेला तर तत्काळ परत घेण्याची शक्ती राखून ठेवणे होय. हे तात्पर्य ग्रंथात आहे. पण वाचकास ते नोंदींच्या दाटीतून वेचून काढावे लागते. कादंबरीकार डेव्हिन येथे अधिकृत इतिहासकाराच्या मागे फारच लपले आहेत, अशी आमची तक्रार आहे.

दुसरी उणीव ग्रंथकाराची नव्हे, काळाची. जर्मनांचे गुप्त संदेश ब्रिटिशांनी फोडले होते व त्यांतील सार सेनापती फ्रायबर्ग यांना मिळत होते, ही गोष्ट १९७४ सालापर्यंत जगापुढे आली नव्हती. त्या माहितीमुळे फ्रायबर्ग समुद्राकडेच डोळे लावून बसले, की तिचा उपयोग करण्याची त्यांना मोकळीकच नव्हती, हा वाद नंतरच्या अभ्यासकांत रंगला. 'क्रीट' वाचताना ही रिकामी जागा मनात धरावी लागते.

आणि येथेच आम्हांस या ग्रंथाचा धडा दिसतो. अँड्र्यू यांच्यापासून जी गोष्ट अंधाराने झाकली, तशीच एक गोष्ट त्यांच्या इतिहासकारापासून सरकारी गुप्ततेने झाकली होती. जयानेही माणसाची दृष्टी झाकते: हजारो सैनिक गमावून बेट जिंकल्यावर हिटलरने पुन्हा इतक्या मोठ्या प्रमाणावर छत्रीसैन्य उतरविले नाही, तर पराभूत दोस्तांनी त्याच तंत्राची तयारी वाढविली. न्याय देणाऱ्याने आपल्याही भोवती अंधार असेल हे ओळखून न्याय द्यावा. डेव्हिन यांनी तो तसा दिला. विचारी वाचकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा, आणि निकाल देण्याची घाई मात्र करू नये.