क्रिस्तपुराणांतील दारिद्र्याचा उपदेश

नांदेड-लातुराकडील पोथीसंग्राहकांस ओवीबद्ध ग्रंथ नवे नाहींत. त्याच छंदांत गोमंतकांतील सासष्टीच्या जेझुइट पाद्रींनीं ख्रिस्ती धर्मकथा रचल्या. त्यांत फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचें 'क्रिस्तपुराण' अग्रगण्य होय. इ. स. १६१६ मध्यें राचोल येथें तें रोमन लिपींत छापलें गेलें. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वर असून एकूण ओव्या १०,९६२ आहेत. ग्रंथाच्या भाषागौरवाविषयीं वाद नाहीं. आम्हांस येथें एवढेंच पाहावयाचें आहे, कीं त्यांतील दारिद्र्याचा उपदेश कोणास उद्देशून होता व तो कितपत फळास आला.

जगाचा स्वामी गोठ्यांत जन्मतो, सुताराच्या घरीं वाढतो आणि कोळ्यांस शिष्य करतो. धनिकाचा गर्व उतरविण्यास याहून मोठा दृष्टान्त नको. तथापि ग्रंथारंभीं पाद्रीपाशीं पुराण मागणारा नवख्रिस्ती ब्राह्मण आहे, हें विसरतां नये. स्टीफन्स यांनींच प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण कोंकणींत लिहिलें (मुद्रण १६२२). पुराणास मात्र ग्रांथिक मराठी योजिली. यावरून पुराणाचा मुख्य श्रोता पोथी ऐकण्यास सरावलेला, मानाचा वर्ग असावा, असें आमचें अनुमान आहे.

यावर कोणी म्हणेल, कीं पुराण चर्चमध्यें गाइलें जाई, तेव्हां तें कुळांच्या व मजुरांच्याही कानीं पडे. आक्षेप रास्त आहे. परंतु ऐकणें वेगळें व स्थिति पालटणें वेगळें. बाप्तिस्म्यानंतरही बामण, चारडी, सुदिर हे भेद टिकले. चर्चमधील धर्मबंधुमंडळेंही जातवार राहिलीं. शिवाय तिसवाडींत १५४१ मध्यें देवळांच्या जमिनींचें उत्पन्न चर्चकडे वळविण्यांत आलें, आणि १५६७ मध्यें सासष्टींतील देवळें पाडलीं गेल्यावर तेथेंही तोच क्रम चालला. पाद्रींचें वैयक्तिक निर्धनतेचें व्रत खरें. पण त्यांची संस्था जमिनीच्या उत्पन्नावर उभी होती.

येथें नांदेड जिल्ह्यांतील माहूर या महानुभावांच्या तीर्थाचें स्मरण होतें. श्रीचक्रधरांनीं आपल्या अनुयायांस चारही वर्णांच्या घरची भिक्षा विहित केली. तेथें उपदेशक स्वतःच सर्वांच्या दारीं याचक होतो. सासष्टींत दात्यास दयेचा बोध झाला. दाता व याचक यांतील अंतर मात्र कायम राहिलें. महानुभाव पंथानें समाजांतील विषमता मोडली, असें आमचें म्हणणें नाहीं. उपदेशक कोठें उभा राहून बोलतो, एवढाच हा भेद आहे.

आतां एक सूचना. १९०७ ची मंगळूर प्रत रोमन लिपींतील आहे; उलट अॅबट यांनीं लंडन येथें उजेडांत आणलेली मार्सडेन-संग्रहांतील प्रत देवनागरी असून तींत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं बहुधा संस्कृत शब्द आढळतात. दान, दया, पुण्य या शब्दांनीं पाद्रींस नेमकें काय अभिप्रेत होतें, हें दोन्ही पाठ ताडून पाहिल्याविना ठरवितां येणार नाहीं. आणि त्या शब्दांचें आचरण काय झालें, हें गांवकरीच्या दप्तरांवांचून कळणार नाहीं. ओवीची गोडी चाखतांना जमाखर्चाची वही मिटून ठेवूं नये, एवढीच आमची विनंति आहे.