ज्याला गोड पाणी सोसत नाही

पनवेलच्या माणसाला काळा दगड नवा नाही. गावाभोवतीच्या खाणींतून तो खडी होऊन रस्त्यांवर जातो आणि कर्नाळ्याचा सुळकाही त्याच घराण्यातला. भूशास्त्राच्या पुस्तकांत तर आपल्या गावाच्या नावाची एक संज्ञाच आहे, ‘पनवेल फ्लेक्शर’. घाटावर आडवे पसरलेले लाव्ह्याचे थर या पट्ट्यात समुद्राकडे कललेले दिसतात. पश्चिम किनारा घडताना भूकवच ताणलं गेलं आणि थर सावकाश वाकले. लोणारला जाताना हा कल ध्यानात ठेवून जावं. तिथला बेसाल्टही याच लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विवराच्या काठाशी थर तिथेही वाकलेले आहेत. पण ते वाकायला क्षणभर पुरला.

बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर काठापासून काठापर्यंत पावणेदोन किलोमीटरहून थोडं जास्त रुंद आणि सुमारे 140 मीटर खोल आहे. बहुतेक पर्यटक वरूनच फोटो काढून परततात. हे मुखपृष्ठ पाहून पुस्तक मिटण्यासारखं झालं. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर कितीतरी काळ तिला ज्वालामुखीचं तोंड समजलं जाई. 1973 मध्ये उलगडा झाला तो मास्केलिनाइटमुळे. उल्का आदळली तेव्हाच्या दाबाने दगडातल्या फेल्डस्पारच्या स्फटिकांची आतली रचना मोडली, बाहेरचा आकार मात्र तसाच राहिला. न वितळता काच झालेला स्फटिक! आघाताची इतकी नेमकी साक्ष क्वचितच मिळते. वयाबद्दल मात्र एकमत नाही. एक मोजणी सुमारे 52 हजार वर्षं सांगते, दुसरी 5 लाख 70 हजार.

खरी गंमत उतरताना कळते. काठाजवळ गोमुखाची धार बारा महिने वाहते, पाणी गोड, भोवती दाट सावली. हेच पाणी खाली विवरातल्या तळ्यात जातं आणि खारं, अल्कधर्मी होतं, कारण विवराला बाहेर जायची वाट नाही. झरे आणि पाऊस क्षार आणतात, ऊन फक्त पाणी नेतं. तळ्याच्या काठावर पांढुरकी माती लागते, नाकाला उग्र वास येतो. ‘ऐन-ए-अकबरी’तही या डोंगरांत साबण आणि काच बनवायचा माल मिळतो अशी नोंद आहे. इथल्या क्षारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावं होती. ज्यांनी ते हातांनी गोळा केले, त्यांची नजर प्रयोगशाळेइतकीच बारीक असणार.

प्राचीन सरोवर म्हटलं की सैबेरियातलं बैकल आठवतं. अडीच कोटी वर्षांचं, 1642 मीटर खोल, गोड्या पाण्याचं. तिथे समुद्रापासून कितीतरी दूर नेर्पा नावाचा सील राहतो आणि पिल्लांना जन्म देणारा पारदर्शक गोलोम्यांका मासा पोहतो. खोलवर प्राणवायू पोचतो, काळही भरपूर मिळाला, म्हणून ती श्रीमंती. लोणारचा सामू वर्षानुवर्षं दहाच्या आसपास राहिला. अशा पाण्यात मासा जगत नाही. तिथे नांदतात ते स्पिरुलिनासारखे नीलहरित जीव, आणि त्यांच्या दाटीने पाणी हिरवंगार होतं. इथून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूला सेसेम्बिया लोनारेन्सिस हे नाव मिळालं आहे. बैकलच्या सीलइतकाच तो मला मोलाचा वाटतो. ठाण्याच्या खाडीत जे छोटे रोहित आपण पाहतो, ते अशाच नीलहरित जीवांवर जगतात आणि आफ्रिकेत नेट्रॉनसारख्या सोडा सरोवरांवर लाखोंनी जमतात. लोणारच्या काठावर शेकाट्या, टिबुकल्या, बदकं दिसतात, आणि वरच्या रानात मोरांचा आवाज असतो.

2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि देशभर फोटो फिरले. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं, तेव्हा त्यामागे हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य निघालं. आटलेलं, अधिक खारट झालेलं पाणी त्यांना मानवलं. पाऊस आल्यावर रंग ओसरला. माझी पसंती मात्र रोजच्या गढूळ हिरव्यालाच. गुलाबी हा प्रसंग होता, हिरवा हा स्वभाव.

त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला; अभयारण्य तर ते 2000 पासून आहे. तरी धोका आहेच, आणि तो उलट्या दिशेने येतो. पाणी गोड होणं ही इतर तळ्यांत चांगली बातमी, इथे नाही. गावातलं सांडपाणी आणि शेतांकडून झिरपणारं पाणी खाली जाऊन क्षार पातळ करतं. काठावर विलायती बाभूळही फोफावली आहे. मासे पोहू लागले तर बघ्यांना कौतुक वाटेल, पण ते लोणार उरणार नाही. सांडपाणी विवराबाहेर वळवा आणि ती बाभूळ मुळासकट काढा, एवढी मागणी प्रत्येक पाहुण्याने वनखात्याच्या अभिप्राय वहीत लिहून यावी.